हाँगकाँग पहिल्यांदाच, शुक्रवार ते सोमवार, सोबत आई आणि लेक: बेत तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटी लाँग वीकेंड जोडून हाँगकाँगला जायचं ठरवलंय. विमान शुक्रवारी सकाळी पोहोचतं, परतीचं सोमवारी रात्री उशिरा. मी, आई आणि कॉलेजात जाणारी लेक, अशा तिघी. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती तासभर सहज चालते, पण जिने आले की अवघड होतं. शिवाय ती शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही.

एका एजंटकडून आधी बेत मागवला होता. त्यात डिस्नेलँड, ओशन पार्क, एक दिवस मकाऊ आणि उरलेल्या वेळात सिटी टूर. मकाऊला बोटीने साधारण तासभर लागतो आणि जाता-येता दोन्हीकडे इमिग्रेशन, म्हणजे दिवसाचा मोठा भाग रांगेतच. एवढं सगळं करायचं तर ज्या बंदरामुळे हे शहर उभं राहिलं, ते बंदर आम्ही बसच्या काचेतून बघणार. म्हणून ही तिन्ही नावं काढून टाकली. आता जे उरलंय ते नीट बसतंय का, हे तिथे जाऊन आलेल्यांनी सांगावं.

माझ्या बेताचा कणा म्हणजे स्टार फेरी, बंदर ओलांडणारी प्रवासी बोट. मुंबईहून तिकडे गेलेल्या दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी १८८८ च्या सुमारास ही सेवा उभी केली, आणि आजही ती कौलूनच्या बाजूचं त्सिम शा त्सुई ते समोरच्या हाँगकाँग बेटावरचं सेंट्रल अशी दिवसभर चालू असते. आईला तिचा व्हिडिओ दाखवला. बोट धक्क्याला लागताना खलाशी लांब आकड्याने दोर ओढून घेतो आणि खुंटाला अडकवतो. लाकडी बाकांच्या पाठी हाताने पुढे-मागे ढकलता येतात, कारण बोट वळतच नाही. ज्या टोकाने आली त्याच्या उलट टोकाने परत निघते, आणि लोक पाठ ढकलून पुन्हा प्रवासाच्या दिशेला तोंड करून बसतात. आईने तो भाग परत परत लावायला सांगितला. म्हणाली, "मला यात बसव, बाकी काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा." तेव्हा रोज निदान एकदा तरी फेरी, दिवसा आणि अंधार पडल्यावर दोन्ही वेळी. प्रश्न एवढाच, की वरच्या डेकवर जायला धक्क्यावर किती पायऱ्या चढाव्या लागतात? आणि ओहोटीला बोटीवर टाकलेली फळी जास्त उतरती होते का? आईचा हात धरून नेता येईल ना?

यावरूनच राहण्याचा प्रश्न. माझा कल कौलूनच्या बाजूला, त्सिम शा त्सुईत राहण्याकडे आहे. विमानतळावरून ए२१ बस थेट तिथल्या मुख्य नेथन रोडने येते, सामान घेऊन गाडी बदलायला नको. रोज संध्याकाळी चालत धक्क्यावर जाता येईल. तिथला १९१५ चा रेल्वे स्टेशनचा घड्याळाचा मनोरा, समोर हाँगकाँग बेटाच्या इमारती आणि रात्री आठचा दिव्यांचा खेळ, हे सगळं आईला बाकावर बसून बघता येईल. लेकीचं म्हणणं, पलीकडे बेटावर वान चायला राहू, कारण ट्राम दाराशी. नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीतली गेस्ट हाऊस स्वस्त दिसतात, पण लिफ्टसाठी रांगा लागतात असं वाचलं, म्हणून ती नको. तिघींसाठी एकच खोली घेतली तर बॅगा उघडायला जागा उरते का, की दोन खोल्याच घ्याव्यात?

शुक्रवार मुद्दाम मोकळा ठेवलाय: झोप, ऑक्टोपस कार्ड (बस, ट्राम, फेरीला चालणारं प्रीपेड कार्ड) घेणं, संध्याकाळी फेरी.

शनिवारी सकाळी डायमंड हिलला ची लिन मठ आणि शेजारची नान लियान बाग. चीनच्या तांग राजवटीच्या काळच्या शैलीतलं, खिळे न वापरता जोडलेलं लाकडी बांधकाम मला स्वतःला बघायचं आहे, आणि बागेत धबधब्यामागे शाकाहारी उपाहारगृह आहे. आईला तिथे निश्चिंतपणे पोटभर जेवता येईल, म्हणून दुपार तिथेच. इतर ठिकाणी नुसतं "भाज्या" म्हणून भागत नाही, ऑयस्टर सॉस आणि मांसाचा स्टॉक असतोच असं कळलं. आपल्याला काय चालत नाही ते कँटनीज अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी दाखवून कुणाचं काम झालंय का?

रविवारी हाँगकाँग बेटावर, आधी पीक या डोंगरावर. तिथे चढणारी पीक ट्रामही १८८८ चीच, लेकीला तिनेच जायचंय. पण सुट्टीच्या दिवशीची रांग आईला झेपणार नाही. सेंट्रलच्या ५ नंबर धक्क्यावरून १५ नंबरची बस वर जाते, तीच घ्यावी म्हणते. वर लुगार्ड रोड आणि हार्लेक रोड मिळून साधारण साडेतीन किलोमीटरचा, जवळपास सपाट फेरा आहे, आणि त्यावरून सगळं बंदर खाली दिसतं. तिकीट नाही, जिने नाहीत. आई पूर्ण फेरा करणार नाही, पण लुगार्ड रोडवरून जिथे बंदर उघडं दिसतं तिथपर्यंत जाऊन परत फिरणं जमेल का? सकाळी किती वाजता पोहोचलं तर निवांत मिळेल?

दुपारी डिंग डिंग ट्राम. १९०४ पासून चालू असलेली ही दुमजली गाडी मागून चढायची, पुढून पैसे देऊन उतरायचं. वरचा जिना अरुंद आणि वळणाचा दिसतो, म्हणजे आई खालीच. खाली बसायला जागा मिळते का? की रविवार सोडून दुसरा दिवस बघू? रविवारी सेंट्रलमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायका सुट्टी म्हणून पदपथांवर, पुलांखाली एकत्र बसतात, गप्पा मारतात, डबे खातात. आठवडाभर दुसऱ्यांची घरं सांभाळणाऱ्यांचा तो एकच दिवस. त्यांच्यामधून कॅमेरे रोखत जायचं नाही, एवढं लेकीला सांगून ठेवलंय.

लामा बेटाचा मोह सुटत नाही. सेंट्रलच्या ४ नंबर धक्क्यावरून तिथल्या युंग श्यू वान गावाला बोट, बेटावर मोटारी नाहीत. पलीकडच्या सोक क्वू वानपर्यंतची वाट चढउताराची, ती आम्ही करणार नाही. नुसतं युंग श्यू वानच्या गल्लीत फिरून परत येण्यासाठी अर्धा दिवस द्यावा का? दिला तर ट्रामचा बेत रद्द होईल.

सोमवारी लांताऊ बेट, कारण ते विमानतळाच्याच बाजूला आहे आणि वीकेंडची गर्दी ओसरलेली असेल. सकाळी बॅगा विमानतळावरच्या लगेज काउंटरला ठेवायच्या, एस१ बसने तुंग चुंग, तिथून बुद्धाच्या मोठ्या मूर्तीकडे जाणारी ५.७ किलोमीटरची केबल कार. तियान तान बुद्ध या त्या मूर्तीच्या २६८ पायऱ्या आई चढणार नाही. ती खाली चौकात बसेल, मूर्ती ३४ मीटरची आहे, तिथूनही दिसेल. मग २१ नंबरच्या बसने ताई ओ, खांबांवरच्या कोळ्यांच्या घरांकडे. केबल कार देखभालीसाठी काही दिवस बंद असते, त्या तारखा बघून ठेवते. बंद असलीच तर तुंग चुंगहून २३ नंबरची बस आहे. ताई ओ आणि बुद्ध दोन्ही एका दिवसात आईला जास्त होतील का, हे मात्र खरंच सांगा.

कागदपत्रांचं समजलंय: भारतीय पासपोर्टवर आधी ऑनलाइन नोंदणी करायची, प्रत्येकीची वेगळी, विनामूल्य, आणि मिळालेली स्लिप छापून जवळ ठेवायची. त्यावर १४ दिवसांपर्यंत राहता येतं. आईचं आडनाव पासपोर्टवर पहिल्या नावाच्याच रकान्यात आलंय. अशा वेळी फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना कसा भरलात?

हॉटेल या आठवड्यात पक्कं करायचंय, तेव्हा त्सिम शा त्सुई की वान चाय याचं उत्तर आधी मिळालं तर फार मदत होईल. बाकीचं सवडीने लिहा.