सिव्हिल इंजिनिअरिंग घेऊ का? घरचे कॉम्प्युटरवर अडून बसलेत

भांडुपकर_मुलगी: यंदा सीईटी दिली. अ‍ॅडमिशनच्या कॅप राऊंडचा फॉर्म भरायचाय. मला सिव्हिल हवंय, जमलं तर व्हीजेटीआय नाहीतर अंधेरीचं सरदार पटेल. पप्पा म्हणतात, मुलीने उन्हात उभं राहून काय करायचं? इथे कुणी साइटवर काम करतं का? खरं काय ते सांगा.

ठाणे_लोकल: सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी, रविवारही जातो. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नाही.

स्लॅबवाली_ताई: वरच्यांचं पगाराबद्दलचं खोटं नाही. मी घाटकोपरला रीडेव्हलपमेंटच्या साइटवर आहे. आधीच्या एका साइटवर बायकांसाठी टॉयलेटच नव्हतं, समोरच्या दवाखान्यात जावं लागायचं. हेही पप्पांना सांग, लपवू नकोस.

आता काम काय असतं ते. रात्री स्लॅब आहे समज. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी आली की आधी स्लम्प, म्हणजे माल किती घट्ट-पातळ आहे ते बघायचं: 30 सेंटीमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू मालाने भरायचा, सरळ वर उचलायचा, माल किती खाली बसला ते मोजायचं. मग त्याच मालाचे 150 मिलिमीटरचे क्यूब भरायचे. ते 7 आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये फोडून ताकद बघतात. एम 30 दर्जाचं काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी 30 मेगापास्कलची ताकद. एवढं पुस्तकात आहे.

पुस्तकात नाही ते असं: पंपवाला म्हणतो, "मॅडम, माल घट्ट आहे, थोडं पाणी मारू?" मागे गाड्या खोळंबलेल्या, मुकादम तुझ्या वडिलांच्या वयाचा, सोसायटीवाले आवाजावरून फोन करतायत. आणि तू नाही म्हणायचं. वरून पाणी ओतलं की सिमेंट-पाण्याचं प्रमाण बिघडतं आणि ताकद उतरते. पातळ करायचाच असेल तर आरएमसीवाल्याच्या माणसाकडून मोजून रसायन, म्हणजेच अ‍ॅडमिक्श्चर, नाहीतर गाडी परत. माझ्या मते अर्धी नोकरी हीच.

दुसरं, कव्हर, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा बाहेरचा काँक्रीटचा थर. माल पडायच्या आधी वाकून बघायचं, सळईखाली तेवढी जागा राखणारे कव्हर ब्लॉक आहेत की सळई बांधणाऱ्या फिटरच्या पायाखाली सरकलेत. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, साध्या हवामानाला 20 मिलिमीटर सांगितलंय, किनाऱ्यालगत 45 किंवा जास्तही लागतं. मुंबईच्या जुन्या इमारतींत छताचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळ्या दिसतात ना, त्यातल्या कितीतरी ठिकाणी कव्हरच कमी असतं. इथे 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, म्हणजे आमच्या धंद्याला मरण नाही.

माटुंगा_डिझाइन: ताई साइटची बाजू घेणारच! मी ऑफिसमध्ये डिझाइन करतो. पण साइट न बघता ड्रॉइंग काढणारे बीम-कॉलमच्या जोडात इतक्या सळ्या कोंबतात की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. पहिली दोन-तीन वर्षं साइट, मग हवं तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन स्ट्रक्चरमध्ये एमटेक. सरकारी हवं असेल तर एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा किंवा जेईच्या (ज्युनिअर इंजिनिअर) जागा. फक्त जाहिरात कधी निघेल याचा भरवसा धरू नकोस.

भांडुपकर_मुलगी: पप्पा म्हणतात, मेट्रो, अटल सेतू होऊन गेले, आता काय उरलं?

स्लॅबवाली_ताई: अटल सेतू 21.8 किलोमीटरचा आहे, देखभाल कोण करणार? आणि बाळा, फ्रेशरला तिथे घेतलं तरी बहुतेक वेळा पोट-कंत्राटदाराकडेच. त्यापेक्षा सात-आठ मजल्यांच्या छोट्या साइटवर लाग. पायापासून वॉटरप्रूफिंगपर्यंत सगळं डोळ्यांसमोर होतं, बिलासाठी कामाची मापंही तूच घेतेस.

भांडुपकर_मुलगी: ताई, अ‍ॅडमिशनआधी एकदा साइट बघायला येऊ का? पप्पांनाही आणते.

स्लॅबवाली_ताई: ये की. मेसेज कर, साहेबांना विचारून वेळ सांगते. स्लॅबच्या दिवशी नको, त्या दिवशी मी कुणाशी धड बोलत नाही. हेल्मेट इथे मिळेल, बूट मात्र आपल्या मापाचे आण. आमच्याकडचे सगळे 8 नंबरच्या पुढचे आहेत.