संगणक बदलला की मेल दिसत नाहीत: थंडरबर्डमध्ये नेमके काय तपासावे?

प्रश्न (कळमना, नागपूर)

सप्रेम नमस्कार. कळमना भागातील एका मालवाहतूक कार्यालयाचे दैनंदिन कामकाज मी पाहते. आमच्याकडे सहा संगणक आणि अकरा कर्मचारी आहेत, त्यामुळे ठरलेली जागा कोणालाच नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडच्या खोलीत बसवत नाही, म्हणून तिथले सगळे कूलर असलेल्या मोठ्या खोलीत येतात आणि जो संगणक रिकामा असेल त्यावर काम पुढे चालू ठेवतात. मेल वाचण्या-पाठवण्यासाठी सर्वत्र थंडरबर्ड हा प्रोग्राम आहे आणि पत्ते आमच्या स्वतःच्या डोमेनवरचे आहेत.

सकाळी एका संगणकावर आलेले मेल दुपारी दुसऱ्यावर दिसत नाहीत आणि पाठवलेले मेल तर ज्या संगणकावरून पाठवले तिथेच राहतात. गेल्या आठवड्यात अमरावतीच्या एका ग्राहकाने माल उतरवण्याचा पत्ता बदलल्याचे कळवले होते. बुकिंग पाहणारा सहकारी दुपारी ज्या संगणकावर बसला होता, तिथल्या इनबॉक्समध्ये तो मेल नव्हता आणि गाडी जुन्या पत्त्यावर गेली. ग्राहकाने मेल पाठवल्याची वेळ दाखवली तेव्हा आम्हाला चूक मान्य करावी लागली. सहकाऱ्याला बोल लागला. पण दोष त्याचा नव्हता, आणि म्हणूनच हे मुळापासून नीट करायचे आहे.

येणाऱ्या मेलचा सर्व्हर ‘पॉप’ प्रकारचा असून पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९५ दिसतो. दोन संगणकांवर ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ या चौकटीत खूण आहे, उरलेल्या चारांवर नाही. सहाही संगणकांवर विंडोजचे एकच सामायिक लॉगिन आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (सीताबर्डी)

ताई, आपण दिलेल्या माहितीतच कारण आहे. पॉप पद्धतीत थंडरबर्ड सर्व्हरवरचे मेल संगणकावर उतरवून घेतो आणि ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला खूण नसेल तर उतरवल्यानंतर ते सर्व्हरवरून काढून टाकतो. म्हणजे त्या चारांपैकी ज्या संगणकाने मेल आधी उचलला, तो मेल त्याचाच झाला. खात्री करायची असेल तर ब्राउझरमधून वेबमेल उघडून पाहा. सकाळचा मेल तिथेही नसेल तर तो नक्कीच कोणत्यातरी संगणकावर उतरून सर्व्हरवरून गेलेला आहे.

पहिले काम आजच करावे. सहाही संगणकांवर, प्रत्येक खात्यासाठी, ही खूण लावा आणि तिच्याखालची ठरावीक दिवसांनी मेल काढण्याची खूण काढून टाका. याने प्रश्न सुटत नाही, पण नवीन मेल हरवणे थांबते.

खरा उपाय आयमॅप हा आहे. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक संगणक त्याच एका पेटीत डोकावतो, त्यामुळे वाचलेले, पाठवलेले आणि फोल्डरमध्ये लावलेले सर्व काही सगळीकडे सारखे दिसते. मात्र थंडरबर्डमध्ये असलेल्या पॉप खात्याचे आयमॅपमध्ये रूपांतर करता येत नाही; त्याच पत्त्याचे नवीन खाते जोडावे लागते. येणाऱ्या मेलसाठी एसएसएल/टीएलएससह (ही जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याची पद्धत; स्टार्टटीएलएस हा तिचाच एक प्रकार) पोर्ट ९९३ द्यावा आणि जाणाऱ्या मेलसाठी एसएसएल/टीएलएससह ४६५ किंवा स्टार्टटीएलएससह ५८७, यांपैकी आपली होस्टिंग सेवा सांगेल तो.

जुने मेल हलवताना घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक संगणकावरील पॉप खात्यातले मेल दोन-तीनशेच्या गटाने निवडून आयमॅप खात्याच्या फोल्डरमध्ये ‘कॉपी’ करावेत, ‘मूव्ह’ नव्हे. दोन्हीकडची संख्या जुळल्याशिवाय जुने खाते काढू नये, आणि काढताना संदेशही पुसण्याचा पर्याय निवडू नये. त्याआधी सर्व्हरवरच्या पेटीची मर्यादा किती आहे हे पाहून घ्या, कारण सहा संगणकांवर विखुरलेले मेल एकत्र आल्यावर ती भरू शकते.

सहकाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आयमॅपमध्ये एका संगणकावर पुसलेला मेल सगळीकडून जातो. पॉपची सवय असलेली माणसे ‘या संगणकावरून काढला’ असे समजून मेल पुसतात.

उत्तर २ (बुटीबोरी)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण सामायिक लॉगिनचा मुद्दा मला तितकाच गंभीर वाटतो. थंडरबर्डची खाती, पासवर्ड, फिल्टर (आलेले मेल आपोआप फोल्डरमध्ये लावणारे नियम) आणि पत्त्यांची वही विंडोजच्या त्या त्या वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये साठवली जातात. लॉगिन एकच असेल तर अकराही जणांची खाती एकाच खिडकीत दिसतात, आणि प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डना कुलूप लावणारा थंडरबर्डचा मुख्य पासवर्ड) ठेवलेला नसेल तर साठवलेले पासवर्ड सेटिंगमध्ये जाऊन कोणीही वाचू शकतो. पगाराची पत्रे ज्या पेटीत येतात तीही त्यातच असेल. प्रत्येकाला प्रत्येक संगणकावर विंडोजचे वेगळे लॉगिन द्यावे.

यावर कोणी आपल्याला असे सुचवेल की थंडरबर्डचे प्रोफाइलच सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे एकदाच सेटिंग करावे लागेल. कृपया तसे करू नका. आम्ही ते करून पाहिले आहे. एकच प्रोफाइल दोन ठिकाणी एकाच वेळी उघडण्यासाठी बनवलेले नाही. ‘थंडरबर्ड आधीच चालू आहे’ असा संदेश येऊन काम अडते, आणि नेटवर्क मध्येच तुटले की फोल्डरच्या अनुक्रमणिकेच्या फाइली बिघडतात. त्या महिन्यात ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण दाबणे हेच माझे सकाळचे पहिले काम झाले होते. शिवाय एका संगणकावर नवी आवृत्ती असली की तिने उघडलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडू देत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वेबमेलमध्ये सकाळचे मेल खरोखरच नव्हते. शोध घेता घेता लक्षात आले की खिडकीजवळचा तिसरा संगणक कोणी बसलेले नसतानाही सुरू असतो, त्यावर थंडरबर्ड उघडाच राहतो आणि दर १० मिनिटांनी मेल तपासून उचलतो. अमरावतीचा तो मेल तिथेच, न वाचलेला, सापडला. आता सर्व संगणकांवर खूण लावली आहे आणि चार जणांची आयमॅप खाती जोडून झाली आहेत.

एक अडचण राहिली आहे. पाठवलेले मेल काही संगणकांवर ‘सेंट’ या फोल्डरमध्ये, तर काहींवर ‘सेंट आयटम्स’ या फोल्डरमध्ये जातात. तसेच दोन संगणकांची डिस्क आधीच भरत आली आहे.

उत्तर १ (सीताबर्डी)

तिसऱ्या संगणकाचा शोध आपण फार चांगला लावला. फोल्डरचे कारण असे की पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची हे प्रत्येक संगणकावरचा थंडरबर्ड स्वतंत्रपणे ठरवतो. खात्याच्या सेटिंगमधील ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ या पानावर जाऊन सगळीकडे सर्व्हरवरचा एकच फोल्डर निवडा; वेबमेल ज्यात प्रत ठेवते तोच घेतलेला बरा. मसुदे आणि कचरापेटीसाठीही तसेच करावे, नंतर दुसऱ्या फोल्डरमधले मेल पहिल्यात हलवावेत.

डिस्कबाबत सांगायचे तर थंडरबर्ड आयमॅप खात्यातील सर्व मेलची प्रत आपणहून संगणकावर ठेवतो. अकरा जण आणि सहा संगणक म्हणजे ६६ प्रती होतील. ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ मध्ये केवळ अलीकडच्या ३० दिवसांचे मेल ठेवण्याची मर्यादा घाला. जुना मेल उघडला की तो सर्व्हरवरून येतो.

फिल्टर मात्र संगणकावरच राहतात, म्हणून ते वेबमेलच्या सेटिंगमध्ये लावता येत असतील तर तिथेच लावावेत. पत्त्यांची वही सामायिक हवी असेल तर थंडरबर्डच्या ९१ पासूनच्या आवृत्त्यांत कार्डडॅव्हची (सर्व्हरवरची पत्त्यांची वही सगळीकडे जोडण्याची पद्धत) सोय आहे. होस्टिंग सेवेकडे ती आहे का, एवढे विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

‘सेंट’ हा फोल्डर सगळीकडे निश्चित केला आणि आज दुपारी जागा बदलल्यावरही बुकिंगचे मेल व त्यांची उत्तरे एकत्र दिसली. उरलेल्या सात जणांची विंडोज लॉगिन शनिवारी, गाड्या कमी असतात तेव्हा, तयार करणार आहे. जुनी पॉप खाती संख्या जुळेपर्यंत तशीच ठेवली आहेत.