‘वाडीकर मंडळी 🌴’ ग्रुप: आप्पांचं नवीन मशीन

शुभा वहिनी: केतन भावोजी, आप्पांना त्या मेटल डिटेक्टर मशीनचे व्हिडिओ पाठवणं प्लीज बंद करा. काल रात्री पाऊण वाजेपर्यंत बघत होते आणि सकाळी साडेपाचला ओहोटी आहे म्हणून चौपाटीवर. डिसेंबरमधे नवीन मशीन येतंय हे मला आज खाली वॉचमनने सांगितलं. वॉचमनने!!

केतन (मेलबर्न): वहिनी सॉरी 🙏 त्यांनी फक्त विचारलं होतं की जुन्यात आणि नव्यात फरक काय. मी काही ऑर्डर केलेली नाहीये

सुधा आत्या: दादा, आधी मोतीबिंदू. डॉक्टर दिवाळीनंतर या म्हणाले होते. कोणत्या दिवाळीनंतर ते तू ठरवलंस वाटतं

बंड्या: आप्पा हंडा सापडला का 😂😂

आप्पा: मी स्वतःच आज विषय टाकणार होतो पण आपल्या घरात बातमी माझ्याआधी पोचते. तर ऐका. माझं जुनं मशीन, गॅरेट एस 250, कोरड्या वाळूत चांगलं चालतं त्याबद्दल तक्रार नाही. पण ओल्या वाळूत गेलं की काही नसताना ओरडतं, सेन्सिटिव्हिटी कमी केली तर ओरडायचं थांबतं पण मग खोलवरचं काही सांगत नाही. आणि माणसं वस्तू हरवतात ती पाण्याच्या कडेलाच. विसर्जनाला बोटं गार पडून आखडतात, अंगठी सैल होते, पाण्यात जाते. कोरड्यात मिळतात ती बाटलीची बुचं.

शुभा वहिनी: ती बुचं माझ्या गॅलरीत आहेत. श्रीखंडाच्या डब्यात. दोन डबे झाले आता तिसरा मी धुवून ठेवला होता तोही गेला

ईशा: आई त्यात एक जोडवं पण आहे 🙄 आणि एक रुपयाची ती काळी पडलेली नाणी

शुभा वहिनी: आणि मखराचे खिळे, गंजलेले. कुणाला लागला म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. वॉशिंग मशीनच्या फिल्टरमधे वाळू निघते ते वेगळंच

केतन (मेलबर्न): आप्पांचा प्रॉब्लेम खरा आहे पण. एस 250 एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, साडेसहा किलोहर्ट्झ. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं त्यामुळे ओली वाळूच मशीनला धातूसारखी लागते. नवीन मशीन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडतात, मिठाचा सिग्नल प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा येतो, त्यावरून मशीन तो ओळखून वजा करतं. म्हणून बीचसाठी मल्टी फ्रिक्वेन्सी म्हणतात. कोरड्या वाळूत मात्र पैसे टाकल्याइतका फरक जाणवणार नाही हेही मी आप्पांना सांगितलं होतं

आप्पा: मी वर्कशॉपमधे कॉईल भरण्यात आयुष्य काढलं, हे मला कळतं. मी विचारलं होतं बजेटमधे कुठलं

नितीन दादा: किती लागतात पण? आकडा कुणीच बोलत नाहीये

केतन (मेलबर्न): मायनलॅबचं इक्विनॉक्स 900 हजार अमेरिकन डॉलरच्या आसपासचं आहे. कंपनी इथलीच, ऑस्ट्रेलियाची. नोक्ता लेजंड त्याहून बरंच स्वस्त, तेही मल्टी. बॅगेतून आणताना ड्यूटी फ्रीची लिमिट ओलांडली तर वरचं आप्पांनी भरायचं

नितीन दादा: 😳

बंड्या: नितीन दादा बसलास का खाली 😂

सुधा आत्या: हजार डॉलरमधे दोन्ही डोळे होतील आणि वर चष्मा

आप्पा: पैसे माझे आहेत. एफडी मॅच्युअर होतेय. कुणाकडे मागितलेले नाहीत.

शुभा वहिनी: आप्पा पैशांबद्दल मी बोललेच नाही. एक शब्द नाही. पण विचारायचं तरी घरात

मोहन काका: 🌹 शुभ सकाळ. जो दुसऱ्यांच्या आनंदात आनंद मानतो तोच खरा श्रीमंत 🌹 (फॉरवर्डेड)

बंड्या: काका रात्रीचे नऊ वाजलेत

विलास काका: एक विचारू का. दादा हे मशीन वाडीला पण जाणार का? विचारलेलं बरं. मे महिन्यात जुनं घेऊन गेला होतास म्हणे. मला शेजाऱ्यांकडून कळलं. आपलंच घर आपलीच जमीन पण बातमी बाहेरून

नितीन दादा: विलास काका ते वेगळं होतं

विलास काका: वेगळं कसं? मागच्या पडवीच्या बाजूला खणलेलं मी स्वतः बघून आलो गणपतीत

आप्पा: विहिरीपासून येणारी लोखंडी पाइपलाइन कुठून जाते ते शोधत होतो विलास. ती पाइपलाइन बाबांनी टाकली तेव्हा तू तिसरीत होतास, तुलाही माहीत नाही मलाही नाही. पंपाचं पाणी कुठेतरी मुरतंय, बिल कोण भरतं वाडीचं?

विलास काका: बिलाचं काढलंस म्हणून सांगतो, नारळाचे पैसे कोण घेतं?

सुधा आत्या: झालं सुरू. मी मोतीबिंदूचं बोलत होते

बंड्या: पाइपलाइन सापडली का पण?

आप्पा: नाही. जांभ्यावर मशीन कुठेही फिरवलं तरी ओरडत होतं. कपाळावर मारायचं बाकी ठेवलं.

केतन (मेलबर्न): त्याचं कारण जांभा. जांभ्यात लोह भरपूर, म्हणून तर तो तसा लाल. मशीनला ग्राउंड बॅलन्स लागतो, म्हणजे जमिनीचं लोह शून्य धरून पुढे मोजायचं. एस 250 मधे तो फॅक्टरीत सेट करून येतो, हाताने बदलता येत नाही. इक्विनॉक्स आणि लेजंड दोन्हीत बदलता येतो. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूलाही तेच, त्यात इल्मेनाइट हे लोहाचं खनिज असतं

विलास काका: म्हणजे नवीन मशीन वाडीला चालेल.

केतन (मेलबर्न): चालेल

विलास काका: ठीक आहे. फक्त विचारलं

मंदार (ॲडव्होकेट): थोडं कायद्याचं बोलतो, नंतर कुणी म्हणू नये सांगितलं नाही. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट 1878, अजून लागू आहे. जमिनीत लपलेली किमती वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, हो, तेव्हाचा आकडा तसाच आहे. आणि मालक कुणीच निघाला नाही, आणि शोधणारा नि जागेचा मालक यांच्यात काही वेगळं ठरलेलं नसलं, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला

बंड्या: विलास काका वाचलंत का 😂😂😂

विलास काका: वाचलं. म्हणजे दादा मशीन फिरवणार, त्याला बारा आणे आणि उरलेल्या चार आण्यात आम्ही भावंडं

आप्पा: अरे कुठला हंडा विलास!! आजोबांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज होतं, ते हंडा पुरून ठेवतील का

मंदार (ॲडव्होकेट): बाबा, आप्पा पण जागेचे मालक आहेत सातबाऱ्यावर, तुमचा हिशेबच चुकतोय

विलास काका: तू आपल्या घरचा वकील आहेस की त्यांच्या

मंदार (ॲडव्होकेट): मी ग्रुपवर कुणाचाच वकील नाही, फी कुणी दिलेली नाही 🙏 बाकी चौपाटीवर हरवलेली अंगठी ही ट्रेझर नाही. मालक सापडला तर त्याला, नाही तर पोलीस स्टेशनला. ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 आहे. आणि वसई किल्ल्यात वगैरे मशीन घेऊन जाऊच नका, तो एएसआयचा म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे, खणताना दिसलात तर मशीन राहील बाजूला, तुम्हीच आत जाल

आप्पा: मी गेल्या वर्षी त्या मुलाची अंगठी स्वतः परत केली. शिवाजी पार्क पोलीस स्टेशनला नोंद पण करून आलो होतो. ईशा साक्षीला आहे.

ईशा: हो आणि तो पेढे घेऊन आला होता. आईने अर्धे ठेवले आणि अर्धे खालच्या काकूंना दिले, तेव्हा मात्र मशीन चांगलं होतं 😇

शुभा वहिनी: ईशा अभ्यास कर

सुधा आत्या: दादा, मला कुणी उत्तर देत नाहीये. स्क्रीनवरचा आकडा तुला दिसतो तरी का?

आप्पा: मी कानाने शोधतो. उंच आवाज म्हणजे चांगलं, घोगरा म्हणजे लोखंड.

सुधा आत्या: कानाने शोधतोस म्हणून तर तीन डबे बुचं

केतन (मेलबर्न): आत्ता आईचा मुद्दा थोडा बरोबर आहे आप्पा. पण बुचं येण्याचं कारण डोळे नाहीत. मशीन धातूप्रमाणे स्क्रीनवर नंबर दाखवतं, त्यातले खालचे नंबर तुम्ही बंद करून ठेवलेत ना, फॉइल आणि कॅनची किल्ली येऊ नये म्हणून?

आप्पा: हो मग. नाहीतर चौपाटीवर सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागदच गोळा करत बसायचं

केतन (मेलबर्न): तिथेच घोळ आहे. पातळ सोन्याची अंगठी त्याच नंबरांवर येते. फॉइल बंद केलं की अंगठ्या पण बंद. बुचाचा नंबर वर येतो म्हणून ती येत राहतात. आणि आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी स्टीलची, चुंबकाला चिकटतात, मशीनला ती लोखंडच वाटतात. नाणी मिळवायला म्हणून जाऊ नका

ईशा: म्हणजे आप्पांनी एवढे दिवस सोनं बंद करून शोधलं 😭

बंड्या: हे मी फ्रेम करून लावणार

आप्पा: ती अंगठी मग कशी मिळाली

केतन (मेलबर्न): जाडजूड असणार, तिचा नंबर वर येतो

आप्पा: जाडच होती. सासऱ्याने घातली होती म्हणाला.

नितीन दादा: मग नवीन घेऊन पण फॉइल खणावंच लागणार?

केतन (मेलबर्न): खणावंच लागणार. कुठलंही मशीन सोनं आहे असं लिहून दाखवत नाही. म्हणून मी आप्पांना आधी म्हणालो होतो की एक पिनपॉइंटर घ्या, म्हणजे वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारी हातातली छोटी कांडी, आणि हेडफोन, तेवढ्यात कोरड्या वाळूतलं काम दुप्पट होईल, वाळूत हात घालून अर्धा तास चाचपावं लागत नाही. ते मी इथून स्वस्तात आणतो. मोठं मशीन ओल्यात जायचं असेल तरच

आप्पा: ओल्यातच जायचंय. पौर्णिमा अमावस्येच्या आसपास सकाळी सहाच्या सुमाराला पाणी एवढं लांब जातं की एरवी न दिसणारा पट्टा उघडा पडतो. तेवढाच तास-दीड तास. अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, विसर्जनाची गर्दी आणि मोठी ओहोटी लागोपाठ येतात. आणि माझं मशीन तिथेच बावळटासारखं ओरडतं. बॉक्सला पाणी चालत नाही म्हणून दुधाची पिशवी चढवून रबर लावतो, घामाने आतून धुकं येतं, मग आकडा तसाही दिसत नाही, सुधा.

शुभा वहिनी: ती दुधाची पिशवी!! मी पेपरवाल्याला द्यायला धुवून वाळत घातलेल्या असतात त्यातल्या जातात होय

केतन (मेलबर्न): दुधाच्या पिशवीचा प्रश्न सुटेल वहिनी 😄 इक्विनॉक्स 900 पाच मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे अख्खं

सुधा आत्या: पाच मीटर?? म्हणजे आता हा पाण्यात पण उतरणार. नितीन, वाचतोयस ना?

नितीन दादा: वाचतोय आत्या. आप्पा गुडघ्याच्या वर पाणी नाही, हे आधी ठरवू

आप्पा: मी दादरला वाढलो. मला समुद्र शिकवू नका.

विलास काका: पल्स इंडक्शन म्हणून वेगळ्या जातीचं मशीन पण असतं म्हणे, ते खोल जातं असं मी वाचलं

बंड्या: काका तुम्ही रात्री साडेदहाला पल्स इंडक्शन वाचताय 👀 पाइपलाइनसाठी का

विलास काका: ज्ञानासाठी

केतन (मेलबर्न): काका ते खोल जातं आणि मिठाला फारसं विचारत नाही, पण खिळा आणि सोनं यात फरक सांगण्यात फार कच्चं. विसर्जनानंतरच्या दादर चौपाटीवर म्हणजे मखराचा प्रत्येक खिळा, मूर्तीच्या आतली प्रत्येक तार. वहिनींना आणखी डबे लागतील

शुभा वहिनी: अजिबात नको ते

मोहन काका: ग्रुपवर एवढे मेसेज कसले? वाडीचं काही ठरलं का?

विलास काका: मोहन, दादा मशीन घेतोय. माझं म्हणणं आहे की मी निम्मे देतो. मग ते दोघांचं. पावसाळ्याआधी एक महिना वाडीला राहील, पाइपलाइन एकदाची सापडू दे

आप्पा: पाइपलाइन 🙂

विलास काका: हो, पाइपलाइनच. हसायला काय झालं

आप्पा: निम्मे नकोत विलास. मशीन माझं राहील. मे महिन्यात मी घेऊन येतो, तू ये, दोघं मिळून बघू. जे मिळेल ते मंदारसमोर

बंड्या: आणि नारळाचे पैसे? 😇

विलास काका: बंड्या तू झोप

मंदार (ॲडव्होकेट): जे मिळेल ते कलेक्टरसमोर. माझ्यासमोर नको

सुधा आत्या: मोतीबिंदूची तारीख मी उद्या सकाळी डॉक्टरांकडून घेते आणि इथेच टाकते. केतन, तारीख पक्की होईपर्यंत ऑर्डर नाही. मी तुझी आई म्हणून सांगतेय

केतन (मेलबर्न): हो आई. आप्पा, एवढं करा, सगळे नंबर उघडे ठेवून एकदा सेन्सिटिव्हिटी कमी करून ओल्या पट्ट्यात फिरा. तरी नुसतं ओरडलं तर माझं मत लेजंड. 900 चे जादा पैसे तुमच्या वापरात वसूल होणार नाहीत, तेही पाण्यात चालतं

आप्पा: व्हिडिओत तर 900 चं कौतुक होतं

केतन (मेलबर्न): व्हिडिओवाल्याला ते फुकट मिळालेलं असतं आप्पा

नितीन दादा: मग जुन्याचं काय करायचं? दोन दोन मशीन घरात?

ईशा: जुनं मला!! मी कोरड्यात आप्पा ओल्यात

नितीन दादा: शुभा, तुझं काय?

शुभा वहिनी: मी हो म्हटलेलं नाहीये अजून. गॅलरीतला नळ चार महिने गळतोय तो आधी बसवून द्या. मशीन, चप्पल, डबा सगळं तिथेच धुवायचं, बाथरूममधे वाळूचा कण दिसला तर मी बोलणार नाही, सरळ वॉचमनकडे ठेवायला देईन. त्याला सगळं माहीतच असतं

आप्पा: नळ मी उद्या बसवतो. ओहोटी उद्या साडेसहाला आहे, त्यानंतर.

शुभा वहिनी: त्याआधी

आप्पा: बरं. वॉशर आहे का घरात?