अनुभव धागा: झेडपीच्या शाळेपर्यंत पैसा किती आणि कधी पोचतो?

सरकारी शाळेच्या दर्जाची चर्चा नेहमी गुरुजींवर येऊन थांबते, पैशाचं कुणी विचारत नाही. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च सुचवला, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा आहे. तुमच्या शाळेत काय पोचलं ते लिहा. शाळेचं नाव नको.

गुरुजी, जव्हार तालुका
पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा, पट 23. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे कागदावर आमचं सगळं बरोबर आहे. एक जण प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्याने पहिली ते चौथी एकाच खोलीत घ्यायची. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं. आमच्यासारख्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर. वीजबिल, खडू, नळाची तोटी, फुटकी कौलं, सगळं त्यातूनच. तीसच्या वर पट गेला तर 25,000 होतात. पण 23 मुलांच्या छपराला कौलं काही कमी लागत नाहीत हो! त्यात रक्कम येते वर्ष संपता संपता, ती 31 मार्चच्या आत खर्ची टाकायची, आणि कौलं शाकारायची वेळ मे महिन्यात. मग आम्ही दोघं पदरचे घालतो. एवढं करून मुलांना काय येतं याच्या पाहणी अहवालात आमची मुलं वजाबाकीत मागे दिसली की जीव तुटतो.

पालक, कोल्हापूर जिल्हा
आमच्या गावाने लोकवर्गणीतून शाळेत प्रोजेक्टर बसवले, रंगकाम केलं. इंग्रजी शाळेत गेलेली काही मुलं परत आली, याचा अभिमान आहेच. पण आमच्याकडे ऊस आहे, दुधाचं बिल आहे, पुण्यात नोकरीला लागलेली पोरं आहेत. पाड्यावर वर्गणी मागायची कुणाकडे? आमचं उदाहरण दाखवून त्यांना "लोकसहभागातून करा" म्हणणं अन्यायाचं आहे.

ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड जिल्हा
घरात ऊसतोडीसाठी उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली, दिवाळी झाली की टोळी निघायची. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना होती. मी चौथीत असताना मंजुरी येईपर्यंत टोळी गेली होती. तो हंगाम मी कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत काढला. पुढच्या वर्षी वेळेवर सुरू झालं, आजीकडे राहिले आणि पाचवी पूर्ण केली. आज मी डी.एड. आहे. योजना दोन्ही वर्षी होती. पैसे दिवाळीआधी आले की नंतर, एवढ्यावर माझं वर्ष ठरलं.

न्यू जर्सीहून
इथे शाळेचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. जिथे घरं महाग, तिथली शाळा श्रीमंत. आम्हीही शाळा बघूनच घर घेतलं. पण ॲबट विरुद्ध बर्क खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये बजावलं की गरीब शहरांतल्या मुलांवरचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणा. 1998 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांची बालवाडीही त्यात आली. सगळं सुटलेलं नाही, पण गरज पाहून पैसा द्यायचा हे सरकारवर बंधनकारक झालं. जव्हारच्या गुरुजींचं अनुदान मात्र नुसती डोकी मोजतं.

शाळा व्यवस्थापन समितीतली आई, नाशिक जिल्हा
समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, हे मला सही करायला बोलावलं तेव्हा कळलं. आता प्रत्येक बैठकीत मी पासबुक वाचायला लावते. आधी कुजबुज झाली. नंतर मुख्याध्यापकच म्हणाले, बरं झालं, मागणीला पालकांचं बळ आलं. मुलींच्या शौचालयाच्या टाकीचा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडून मंजूर करून घेतला. गुरुजी, जव्हार पेसा क्षेत्रात येतं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा तिथे लागू आहे. आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत पालकांकरवी कौलांचा विषय मांडा. ठरावाचा मसुदा मी इथे टाकते.