घाट, पाऊस आणि ऑल व्हील ड्राइव्ह: घरच्या गाडीला खरंच लागते का?

घाटवळण
परवाच्या एका पोस्टमध्ये वाचलं: पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्या कुटुंबाने ऑल व्हील ड्राइव्हच घ्यावी, टू व्हील ड्राइव्ह म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ. असं वाचून कोणीतरी हप्ता वाढवून गाडी बुक करेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑल व्हील ड्राइव्हमुळे इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, एवढंच. ब्रेक मारुतीच्या सगळ्यात स्वस्त गाडीलाही चारही चाकांना असतात. ताम्हिणीत उतारावरच्या वळणाला गाडी सुटते ती वेगामुळे आणि झिजलेल्या टायरमुळे. तिथे पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतोच, मग ताकद कुठल्या चाकाला जाते याने काय फरक पडणार? हायवेवर साचलेल्या पाण्याचंही तेच. नक्षी गेलेला टायर किती वेगाला पाण्यावर तरंगू लागेल हे मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. ३३ पीएसआयला ताशी ९५ किमीच्या आसपास, हवा २५ वर उतरली असेल तर ८३. चारही चाकं तरंगत असताना चौघांना ताकद देऊन काही मिळत नाही.

मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ ला आली तेव्हा साध्या मॅन्युअलचं कंपनीने दिलेलं अ‍ॅव्हरेज लिटरला २१.११ किमी होतं आणि ऑलग्रिपचं, म्हणजे तिच्याच ऑल व्हील ड्राइव्ह मॅन्युअलचं, १९.३८. किमतीत दीड लाखाचा फरक होता. तेवढ्यात उत्तम टायरचे तीन सेट येतात.

चिरेखाण
तुम्ही सगळा हिशेब डांबरी रस्त्याचा केलात. कोकणातल्या वाड्यांत मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतचा सिमेंटचा चढ बघा. एकास चारचा चढ, वर जुलैचं शेवाळ. आत पाच माणसं आणि डिकीत सामान असलं की पुढच्या चाकांवर निम्मं वजन उरतं, चढावर आणखी मागे सरकून साधारण ४५ टक्के. त्या ४५ टक्क्यांवर सगळी गाडी ओढायची तर घर्षणाचा गुणांक (टायरची रस्त्यावरची पकड, चाकावरच्या वजनाच्या प्रमाणात) ०.५५ हवा. चारही चाकं ओढत असतील तर ०.२५ पुरतो. ओल्या स्वच्छ काँक्रीटवर ०.५५ मिळतो, शेवाळावर नाही. म्हणूनच जुनी इनोव्हा त्या चढाला एर्टिगापेक्षा बरी जाते: ताकद मागच्या चाकांना आणि वजनही मागेच. घराच्या दारात रोज गाडी फिरफिर करत असेल तर टायरचे तीन सेट घेऊन काय करायचं?

घाटवळण
आकडे बरोबर आहेत, पण तोच हिशेब उताराला लावा. एकास चारच्या उतारावर गाडी नुसती धरून ठेवायला चारही चाकांच्या ब्रेकला तोच ०.२५ लागतो. म्हणजे जिथे फक्त ऑल व्हील ड्राइव्ह जेमतेम चढते, तिथून उतरताना तुमच्याकडे राखीव काहीच नाही. टू व्हील ड्राइव्ह खालीच थांबते आणि माणूस चालत वर जातो. मला तरी ते जास्त सुरक्षित वाटतं.

चिरेखाण
आजारी सासूबाईंना चालत वर पाठवा म्हणायला सोपं आहे. उताराचा मुद्दा खोडता येत नाही, तेवढा मान्य. पण लॉक मोडमध्ये (पुढची-मागची चाकं एकत्र जोडून ठेवणारं बटण) पहिल्या गिअरवर उतरलं तर इंजिनाचा ब्रेक चारही चाकांवर विभागून लागतो, फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये तो फक्त पुढच्या दोन चाकांवर येतो आणि तीच आधी सरकतात. शिवाय शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकून, तासाभराने खराट्याने घासून काढायचं असतं, महिन्यातून दोनदा तरी. ते कुठलीही गाडी असली तरी करावं.

मॉन्ट्रियलकर
इथे क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर (बर्फासाठीचे खास टायर) सक्तीचे आहेत. ऑल व्हील ड्राइव्ह असली तरी सूट नाही. कायदा टायर बघतो, ड्राइव्ह बघत नाही, कारण सिग्नलला थांबवतो तो टायर.

गोटाटायर
टायरवर आलोच आहोत तर एक बोलू द्या. दोनच नवे टायर घेतले की बहुतेक दुकानदार न विचारता पुढे चढवतात. «साहेब, ताकद पुढे, झीज पुढे, नवे पुढे.» हे चूक आहे. नवे मागे टाकायचे. पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की वजन पुढे येतं आणि स्टिअरिंग परत पकडतं. मागची सरकली तर गाडी गोल फिरते, ती सावरणं रोज चालवणाऱ्यालाही जमत नाही.

स्टेपनी
साफ असहमत! स्टिअरिंग पुढे, ब्रेकिंगचा बहुतांश भार पुढे. पुढे गोटा (नक्षी गेलेला) टायर ठेवून आंबा घाट उतरायचा? पाण्यात पुढचीच चाकं आधी शिरतात, मागच्यांना थोडी पुसलेली वाट मिळते. आणि आता ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे की मागचं सावरायला.

गोटाटायर
ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावूनच गाडी सरळ करतं. त्या चाकाखाली पकडच नसेल तर कशाच्या जोरावर करणार? आणि गोटा टायर पुढे ठेवा असं मी कुठे म्हटलं? कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत टायर आला की ती संपली. पावसाळ्यापूर्वी ३ मिमीच्या खाली असलेला टायर कुठेच ठेवू नका. न वाचता ओरडू नका.

स्टेपनी
ओरडत नाहीये. फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढचे टायर जवळपास दुप्पट वेगाने झिजतात, हे धरूनच लोकांना सल्ला द्यायला हवा. दर ८ ते १० हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे करा. चारही सारखे झिजतात, चारही एकदम बदलतात, तुमचा प्रश्नच उरत नाही.

गोटाटायर
रोटेशनचं म्हणणं बरोबर आहे. ज्याने केलं नाही त्याने नवे मागे टाकावेत, यावर मात्र मी ठाम आहे.

घाटवळण
ही चर्चा ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांनी जास्त वाचावी. तिथे दोन टायर बदलण्याची मोकळीकच नाही. २१५/६० आर १७ साइजच्या टायरमध्ये पुढे-मागे ३ मिमी नक्षीचा फरक पडला तर चाकाच्या घेरात पाऊण टक्क्याहून जास्त फरक येतो, किलोमीटरला आठ-नऊ मीटर. तो फरक मागच्या डिफरन्शियलजवळच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) क्लच प्लेटांना घसरून भरून काढावा लागतो, मागच्या चाकांना ताकद त्यांच्यातूनच जाते. ऑटो मोडमध्ये त्या बहुतेक वेळ सैल असतात म्हणून निभावतं, पण लॉक ठेवून डांबरावर चालवलं तर तापतात. अरुंद स्टेपनी लावल्यावरही लॉक वापरू नका, ५०-६० च्या पुढे जाऊ नका आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबा. थार, स्कॉर्पिओ-एनच्या फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा मोड) पुढचा-मागचा शाफ्ट घट्ट जोडलेलाच असतो, मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी अडखळते ती त्यामुळेच.

नवीनगाडी
जानेवारीत मुलांना घेऊन मनालीला स्वतःच्या गाडीने जायचंय. मग काय घेऊ?

चिरेखाण
त्या चार दिवसांसाठी गाडी ठरवू नका. बर्फ पडला की सोलांगच्या पुढे पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. आपली गाडी खाली ठेवून तिथली जीप करा. साखळ्या घेतल्याच तर टायरवरचा साइज बघून घ्या, फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढच्या चाकांना लावा, घरी अंगणात एकदा लावून बघा आणि बर्फ संपला की लगेच काढा, नाहीतर डांबरावर टायर कापतील.

घाटवळण
यावर आपलं एकमत. आणि उतरताना दुसरा गिअर, ताशी २०, ब्रेकवर पाय कमीत कमी.