शौचाच्या जागेची खाज: काय केलं की थांबते? (अनुभव धागा)

हे दुखणं घरातल्या घरातही कुणी बोलून दाखवत नाही. वर्ष-वर्ष सोसतात, हाताला लागेल ते लावतात आणि मग कातडी जाड होऊन बसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं ज्यांचा या तक्रारीशी रोजचा संबंध येतो, त्यांनी आपल्या कामातलं नेमकं लिहावं. कहाण्या नकोत. वाचणाऱ्याला उद्या सकाळपासून करता येईल असं लिहा.

परिचारिका, बेळगाव

सगळ्यात मोठी चूक स्वच्छतेतच होते. खाज आली की लोकांना वाटतं जागा घाण आहे. मग साबण, डेटॉलचं पाणी, मीठ, तुरटी, काही जण कडुनिंबाचा काढा. तिथली कातडी पातळ असते, साबणानं तिचा तेलकट थर जातो, ती कोरडी पडून भेगाळते आणि खाज वाढते. वाढली की माणूस आणखी घासतो. हे चक्र तोडल्याशिवाय कुठलंही औषध लागू पडत नाही.

करायचं ते एवढंच. शौचानंतर नुसतं कोमट किंवा साधं पाणी, बोटाच्या पोटानं, नख न लावता. जेटचा फवारा असेल तर धार मंद ठेवा, जोराची धार कातडी सोलते. धुतल्यावर जुन्या सुती पंचाचा मऊ तुकडा जागेवर दाबून धरा, दहापर्यंत मोजा, कोरडी बाजू घेऊन पुन्हा दाबा. पुसायचं नाही, टिपायचं. चड्डी लगेच वर ओढू नका, दोन मिनिटं हवा लागू द्या. दिवसातून दोनदा धुणं पुरे, शिवाय शौचानंतर. बाजारात मिळणारे सुगंधी ओले रुमाल पूर्ण बंद. त्यातल्या टिकवण्याच्या रसायनांची अ‍ॅलर्जी होते आणि ती हुबेहूब याच खाजेसारखी दिसते.

आग फार असेल तर रुंद टबात कोमट पाणी घेऊन 10 ते 15 मिनिटं बसा. मनगटाला सोसेल इतकंच गरम, पाण्यात काहीही न टाकता. कढत पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, तासाभरानं दुप्पट खाजतं.

औषध दुकान, निपाणी

गिऱ्हाईक जागा सांगत नाही, "खाजेची ट्यूब द्या" एवढंच म्हणतं. आणि सगळ्यात जास्त मागणी असते ती तीन-चार औषधं एकत्र केलेल्या क्रीमला. त्यात क्लोबेटासोल नावाचं फार जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोक तेच महिनोन्‌महिने लावतात. कातडी कागदासारखी पातळ होते, आणि मुळात नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. त्याची कडा पुसट होते, मग ओळखणंही अवघड जातं. ही ट्यूब या जागेसाठी नाहीच.

नायटा ओळखायची खूण: कडा उंच, लाल, खवलेदार, मध्ये कातडी त्यामानानं साफ, आणि डाग मांडीकडं किंवा कुल्ल्यावर सरकत जातो. त्याला साधं क्लोट्रिमाझोल 1 टक्का, दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं अंतरापर्यंत. डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. चार दिवसांत बंद केलं की परत येतो.

डाग नाही, जंत नाहीत, नुसती लालसर चुरचुरणारी जागा असेल तर डॉक्टरांना विचारून हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का. वाटाण्याएवढं, दोन वेळा, जास्तीत जास्त दोन आठवडे. पुढं ते थांबवून नुसतं झिंक ऑक्साइडचं मलम. झिंक कोरड्या कातडीवरच पातळ लावायचं. ओल्यावर लावलं तर ओल आत कोंडते. ते धुऊन निघत नाही म्हणून लोक खरवडतात. त्याऐवजी कापसाला खोबरेल तेल लावून हलकं निपटायचं.

बधिर करणारी मलमं, बाम, चुना, लिंबू यांतलं काहीही तिथं नको.

अंगणवाडी कार्यकर्ती, खानापूर तालुका

रात्री पोर झोपेत खाजवतंय, दिवसा काही नाही, असं असेल तर आधी बारीक जंत. मादी रात्री बाहेर येऊन कडेला अंडी घालते. पांढऱ्या दोऱ्यासारखी, साधारण सेंटिमीटरभर लांब. पोर झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी लावून बघितलं तर कधी कधी चालताना दिसतात. संडासाच्या तपासणीत बहुतेक वेळा सापडत नाहीत, म्हणून "रिपोर्ट चांगला आहे" यावर थांबू नका. सकाळी उठल्या उठल्या, धुण्याच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी जागेवर दाबून ती काचपट्टीवर चिकटवून तपासायला द्यायची. ओळीनं तीन सकाळ.

अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी, आणि दोन आठवड्यांनी दुसरी. दुसरी चुकवली तर सगळं वाया, कारण गोळीनं जंत मरतात, अंडी नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, चुरडून. गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. एकाला खाज असली तरी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्या, आजीआजोबांसकट.

गोळी दिली त्या दिवशी अंथरूण-पांघरूण, चड्ड्या गरम पाण्यात काढा. चादर झटकू नका, अंडी उडतात. नखं बारीक कापा. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर आंघोळ, आणि रात्री अंगाला बसणारी चड्डी. गोधडी धुता येत नसेल तर खोळ तरी बदला.

जांबोटी भागातून

आमच्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस कपडा वाळत नाही. चुलीवरच्या दांडीला टाकलेली चड्डी हाताला कोरडी लागते, पण इलास्टिकची पट्टी आणि दुहेरी शिवण ओलीच असते. शिवण दोन बोटांत चिमटून गालाला लावून बघा. गार लागली तर ती ओली आहे. उलटी करून शिवणीवरून इस्त्री फिरवा. सहा-सात सुती चड्ड्या ठेवल्या तरच पावसाळा निभतो. नायलॉन नको. साबणाची पावडर नीट निघत नाही, म्हणून तीन पाण्यांतून काढायची, तिसऱ्या पाण्याला फेस दिसता कामा नये.

तंबाखू-विडीच्या कामावरच्या बायकांसाठी, निपाणीहूनच

मांडी घालून सूप पुढं घेऊन तासन्‌तास बसणं म्हणजे घाम तिथंच मुरणं. तासाला एकदा उठून चार पावलं चाला. खाली प्लॅस्टिकच्या चटईवर सुती पोतं किंवा घडी केलेलं लुगडं घ्या. तंबाखूचे हात संडासाला जायच्या *आधी* धुवा, नंतर तर धुतोच.

उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांनाही हेच लागू: सुट्टी झाल्यावर घामाची चड्डी घालून घरापर्यंत येऊ नका, पिशवीत एक कोरडी ठेवा.

खानावळ, हुक्केरी तालुका

संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा पोटात पूर्ण पचत नाही, बाहेर पडतानाही जाळतो. चहा-कॉफीनं काहींच्या तिथली पकड सैल होते आणि थोडं पाझरतं. तिखट, चहा-कॉफी, टोमॅटो, लिंबू, थंड पेयं दोन आठवडे बंद करा, मग एकेक करून परत सुरू करा. कशानं खाज उठते ते कळतं. सगळं कायमचं सोडायची गरज नाही.

शस्त्रक्रिया विभागात काम, चिकोडी

वरचं पाझरणं महत्त्वाचं आहे. धुऊनही चड्डीला डाग पडत असेल तर बहुधा संडास पातळ-चिकट होतोय किंवा आत मूळव्याध आहे. इसबगोल एक ते दोन चमचे, भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडं गिळलं तर घशात अडकतं. संडास घट्ट पण मऊ झाला की पाझर आपोआप कमी होतो. तोवर दिवसा कापसाचा चपटा तुकडा तिथं ठेवा, ओला झाला की बदला.

साखर तपासून घ्या. घडीत पांढरट थर आणि आजूबाजूला लाल पुटकुळ्या म्हणजे बुरशी, आणि ती मधुमेहात फार चिवट असते. बोटांच्या बेचक्यात, बेंबीजवळही खाज असेल आणि घरात दोघा-तिघांना असेल तर ती खरूज. तिचा उपचार मानेखाली सगळ्या अंगाला लावायचा असतो.

रक्त, पू, गाठ, पांढरा पडलेला किंवा न भरणारा चट्टा, वजन उतरणं, संडासाच्या सवयीत बदल, यांतलं एक जरी असेल तर मलम लावत बसू नका. महिनाभर वरचं सगळं नीट करूनही खाज राहिली तर बोटानं तपासणी करून घ्या. दोन मिनिटांचं काम असतं. बायकांनी महिला डॉक्टर मागून घ्याव्यात, त्यात संकोच कसला.

परिचारिका, बेळगाव (पुन्हा)

रात्रीचं राहिलं. झोपेत हात जातोच. सुती हातमोजे घालून झोपा, लहान मुलांना पायमोजेही चालतात. जाग आली तर खाजवण्याऐवजी गार पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं दाबून धरा, मग टिपून झिंक लावा. जाड झालेली कातडी पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. चौथ्या दिवशी फरक नाही म्हणून साबणाकडं वळू नका.