जुन्या घराच्या भिंतीलगतची मेथी
न्यू जर्सीतल्या १९५० च्या घराच्या भिंतीला लागून मेथी-मुळा लावू का विचारलंयत, तर तिथे नकोच, अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ ला बंद झालं, त्याआधीचे पोपडे भिंतीखालीच पडलेले असणार आणि शिसं काही कुजून जात नाही, वरच्या थरात बसून राहतं. आधी रटगर्स या न्यू जर्सीतल्या विद्यापीठाच्या लॅबला शिसं तपासायला माती पाठवा, भिंतीजवळची आणि मागच्या अंगणातली वेगवेगळी, एकत्र कालवलीत तर आकडा फसवा येतो. ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये घराच्या मातीतल्या शिशाची इशारा-पातळी ४०० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४०० भाग) २०० वर आणलीये. आकडा थोडाच वर आला तर टोमॅटो, वांगी चालतील, फळात शिसं फारसं चढत नाही. मेथीच्या पानांना मात्र शिशाची मातीच चिकटते हो! शिसं झाडात कमी चढावं म्हणून चुना घालून मातीचा पीएच (आम्लपणाचं माप) ६.५ च्या वर ठेवा, कंपोस्ट भरपूर. पोरं खेळत असतील तर उघडी माती मात्र ठेवूच नका, वुडचिप्स टाका.